चाचा आणि पळपुटा लोड

ऑपरेटर चाचा कुणाचीही चौकशी एकाच प्रश्नानं सुरू करत, "सोभाव कसा हाय?" होणारा जावई असो, विकत घ्यायची शेळी असो की गिरणीची मोटर. मुखेडजवळच्या सबस्टेशनात मी शिकाऊ म्हणून गेले तेव्हा माझ्या देखतच त्यांनी वायरमनला माझ्याबद्दलही हेच विचारलं. तो म्हणाला, "लई भांडखोर हाय." चाचा म्हणाले, "मग टिकंल."

तिथली एक डीपी, म्हणजे शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, सारखी जळायची. साहेब लोक पंपांच्या लोडची बेरीज करत आणि कागदावर सगळं नीट बसे. चाचांनी मला स्कूटरवर बसवून शेतं दाखवली. प्रत्येक पंपाला ऑटो स्टार्टर होता, त्यामुळे गेलेली लाईट आली की सगळे पंप एकदम सुरू होत आणि डीपीला तो ताण सोसत नसे. "किती खातंय ते नको इचारू बेटा. धक्का बसल्यावर काय करतंय, ते इचार." मग त्यांनी बांधाबांधावर चहा पीत एकेकाला पटवलं आणि प्रत्येकाचा ऑटो वेगळ्या वेळेला लावून घेतला. डीपी जळायची थांबली.

आता नवा मोठा ग्राहक जोडल्यावर ग्रीड स्थिर राहील का, याचं मॉडेल मी संगणकावर करते. गेल्या वर्षी एक अवाढव्य डेटा सेंटर आलं. कंपनीनं लोडचा, म्हणजे लागणाऱ्या विजेचा, एक आकडा कळवला. वरिष्ठ म्हणाले, "हाच कायम धर आणि सही कर." व्होल्टेज क्षणभर पडलं तर हे काय करतं, असं मी विचारलं, तर बैठकीत हशा पिकला. सही करायला दुसरं माणूस मिळेल, हेही ऐकवलं गेलं. मी घाबरले होते, पण भांडले. अखेर सेंटरच्या बॅकअप बॅटरीच्या सेटिंगचा कागद हाती आला. व्होल्टेज जरा पडलं की अख्खं सेंटर एका दमात ग्रीड सोडून बॅटरीवर पळणार होतं. एवढा भार अचानक सुटला तर ग्रीडचा तोल जाऊन काय हाहाकार होईल, गावंच्या गावं कशी अंधारात जातील, ते मॉडेलनं दाखवलं. मग कुणी हसलं नाही. सेटिंग बदलून घेतली, मगच जोडणी झाली.

परवा भर दुपारी एका मोठ्या लाईनवर झाड पडलं. व्होल्टेज कोसळलं. सेंटरचा थोडाच भार बॅटरीवर गेला आणि टप्प्याटप्प्यानं परत आला. पडद्यावरची प्रत्यक्ष भाराची रेघ माझ्या मॉडेलच्या रेघेवर तंतोतंत बसली. मी खुर्चीतून उठून ओरडलेच, आणि निवृत्त होऊन मुखेडला राहणाऱ्या चाचांना फोन लावला.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कुणाच्या घरची लाईट गेली?"

"कुणाचीच नाही."

"म्हंजी कुणाला पत्ताबी लागला न्हाई?"

"कुणालाच नाही, चाचा."

"जितलीस, बेटा," ते म्हणाले.