उतरवायचं राहून गेलेलं वारं

देवीवर माझी श्रद्धा आहे की नाही, हे मला त्या दिवसांत सांगता आलं नसतं. तरी आठवड्यातून तीनदा मी देवी होत होते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवण्याचा एक बंद पडलेला कारखाना आमच्या नाटक मंडळीने भाड्याने घेतला होता. प्रेक्षक अनवाणी आत येत, कपाळाला हळद लावून माझ्याभोवती गोल उभे राहत आणि मधोमध मी केस सोडून घुमत असे. बदलापूरच्या आमच्या घरी आईच्या अंगात यायचं. तिची मान, तिचा श्वास, सगळं मी हुबेहूब उचललं होतं. लोक भारावून जात. मी नुसती थकत होते.

पाचव्या-सहाव्या प्रयोगानंतर मान थांबेना. भाजी चिरताना, रिक्षात बसल्यावरही ती बारीक हलत राहायची. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. ती तर मलाही सांगता आली असती. आई आता नाही, विचारणार कोणाला? एवढा एक प्रयोग करायचा आणि हे सगळं सोडून द्यायचं, असं ठरवून एका दुपारी मी प्रयोगाला उभी राहिले.

प्रयोग संपला, दिवे मालवले, लोक चपला शोधत बाहेर पडले. एक बाई मात्र हलल्या नाहीत. शेजारच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या, पन्नाशीच्या. त्यांनी सरळ दटावलंच, "अगं, बोलावलीस तिला, मग परत कोण पाठवणार? असंच सोडून देतात काय?"

"मावशी, हे नाटक आहे."

"तुझ्या मानेला माहितेय का ते?"

मला रडूच फुटलं. आईचं वारं उतरवायला दरवेळी घरातली एखादी बाई पुढे व्हायची, ओटी भरायची, पायांवर पाणी घालायची. मी फक्त घुमणं तेवढं उचललं होतं. मावशींनी आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या पायांवर ओतलं, पदराने चेहरा पुसला आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आई, लई खेळलीस. जा आता तुझ्या ठाण्यावर. लेकरू दमलंय." मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. मान थांबली.

कशाने थांबली, ते मी शोधत बसले नाही. त्या माउलीचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. नाटकही सोडलं नाही. आता शेवटी दिवे मालवत नाही. मी मधोमध बसून राहते, कोणाला काही सुचवत नाही. वारं उतरवायला कोणी पुढे येईपर्यंत कधी फार वेळ लागतो, लोक अवघडतात. आज कोणी आलंच नाही तर, अशी मलाही भीती वाटते. पण माझ्या हातात काही नाही, याचाच हल्ली केवढा आधार वाटतो. मग गर्दीतून कोणीतरी पाण्याची बाटली उघडत पुढे येतं.