गलती आमचीच

चूक कुणाचीही असो, ती आधी आपल्या अंगावर घ्यायची, ही आमच्या घरची रीत. इकडे हिंदी मुलखात, फ्रीगंजच्या आमच्या बिल्डिंगमधल्या वकीलसाहेबांनी एकदा गाडी मागे घेताना आमची स्कूटर पाडली. बँकेतून रिटायर झालेले माझे वडील जिन्यातूनच ओरडले, "गलती हमारी है वकील साहब, आड़ी लगा दी थी!" वकीलसाहेब म्हणाले, "अरे नहीं बाबूजी, मैंने ही नहीं देखा." बराच वेळ दोघांची चढाओढ चालली, मग चहा झाला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी स्कूटरचा फुटका आरसा आपणहून बदलून दिला.

ही रीत मी नोकरीत नेली, हा माझा मूर्खपणा.

पाच वर्षं मी घरच्या टेबलावरून हॉलंडच्या एका कंपनीचं काम केलं. तिथल्या रुग्णांना तपासणीच्या तारखांचे निरोप पाठवायचे. टीममध्ये आम्ही चौघं: हॉलंडची मॅनेजर, मनिलाचे एक अबोल गृहस्थ, पुण्याची एक मुलगी आणि मी. पुण्याची मुलगी मला ताई म्हणायची आणि माझं हिंदी वळणाचं मराठी "किती गोड" आहे म्हणायची. त्या 'गोड'चा अर्थ मला चांगला कळत होता. तरी एवढ्या परक्या माणसांत ती मला आपली वाटायची.

भाद्रपदात तिच्या घरी गौरी जेवायच्या होत्या. निरोप जाण्याआधी शेवटची यादी ताडून बघायचं काम तिचं. पुरणाच्या धांदलीत तिनं न बघताच 'तपासलं' अशी खूण केली आणि बऱ्याच आजारी माणसांना चुकीचा दिवस कळवला गेला. संध्याकाळी तिनं मला फोनवर रडत रडत सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "हे कसं झालं?" कुणीच बोलेना. मला ती शांतता सोसेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "चूक माझी," मी म्हणाले, "मी सीनियर आहे. मीच बघायला हवं होतं." आणि वाट बघत बसले. आता पुण्याहून 'नाही ताई, माझंच चुकलं' येईल, मनिलाचे गृहस्थ 'आपण सगळेच जबाबदार' म्हणतील, आणि विषय मिटेल. पुण्याचा माइक बंदच राहिला. मनिलानं मान खाली घातली. मॅनेजर म्हणाली, "प्रामाणिकपणाबद्दल आभार," आणि तिनं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी मनिलाहून मेसेज आला: चूक तुमची नव्हती हे मला माहीत आहे, पण वरिष्ठांसमोर तुमचं बोलणं खोडून काढणं मला प्रशस्त वाटलं नाही, माफ करा. वडिलांना सांगितलं तर ते खूश. "अगं, बडप्पन दाखवलंस तू. काही नाही होत."

डिसेंबरात माझा करार नवा व्हायचा होता. मॅनेजर म्हणाली की विचार चालू आहे, पण ती चूक आडवी येते आहे. माझं वय सत्तेचाळीस, वडिलांना एकटं सोडून कुठे जाता येत नाही, घरबसल्या असं दुसरं काम मला कोण देणार? मी लाज बाजूला ठेवली. सांगितलं, की यादी तपासायचं काम माझं नव्हतंच, मी फक्त सगळ्यांच्या वतीनं बोलले. पोरीचं नाव तेवढं घेतलं नाही.

मॅनेजर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आत्ता?"

मी सवयीनं पुन्हा "सॉरी" म्हणाले.

"चूक मी पोटात घातली असती," ती म्हणाली. "पण तुमचं कोणतं बोलणं खरं धरायचं, हे मला कळायला हवं ना." आठवड्याभरात पत्र आलं, करार संपल्याचं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि म्हणून कुणाला दोष देऊन मोकळंही होता येत नव्हतं.

पत्र आल्याचं कळल्यावर पुण्याच्या मुलीनं फोन केला. "ताई, मी त्या दिवशी सांगणारच होते. बोलणार तेवढ्यात तुम्हीच बोललात. तुम्ही मोठ्या, सगळ्यांसमोर तुम्हाला कसं खोटं पाडू?"

माझा सगळा राग तिथेच संपला. तिच्या वयात मीही गप्पच बसले असते.

"आता सांगू का मी मॅनेजरला?" तिनं विचारलं.

तिनं सांगितलं तर कदाचित, कदाचित काही होईल. तेवढीच आशा उरली होती.

"जाऊ दे गं," मी म्हणाले. "तू कशाला फसते त्याच्यात?" आणि आता ती हट्ट धरेल म्हणून फोन कानाशी घट्ट धरून थांबले.

"बरं ताई," ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तसं."