खुणा लावून शोधलेलं घर

तारापूरच्या किनाऱ्यावर एकनाथ तामोरेला सगळे तांडेल म्हणतात, कारण बोट त्याच्या हुकमावर चालते. हल्ली बोटीवर जागा दाखवणारं यंत्र असतं. एकनाथच्याही बोटीवर आहे, पण तो त्याला जावयासारखं मानाने बसवून ठेवतो, काम काही सांगत नाही. त्याला बापाने शिकवलेल्या खुणा पुरतात. अणुकेंद्राची चिमणी आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं की डावीकडे देवळाचा झेंडा बघायचा. तो ठरल्या ताडाच्या वर दिसला की जाळं बरोबर खाली. एकदा वर तरंगणारा बोया तुटून बुडालेलं जाळं त्याने याच हिशोबाने शोधून काढलं होतं. शोधायला एक सकाळ लागली, आणि ते कसं शोधलं हे सांगायला पुढचं अख्खं वर्ष.

सहा वर्षांपूर्वी त्याची बायको जमना गेली. ती पाम, बोईसर भागात टोपली घेऊन फिरायची. तिची ठरलेली घरं होती आणि घराघरातल्या बातम्या रोज संध्याकाळी मासळीच्या बदल्यात घरी यायच्या. ती गेली आणि बातम्या बंद झाल्या. एकनाथ मांजराशी बोलू लागला. मांजर ऐकून घ्यायचं, पण बोंबील संपेपर्यंतच.

हे बघून त्याच्या पुतण्याने, मितेशने, त्याच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. मितेश सव्वीस वर्षांचा, बोईसरला कंपनीत कामाला. काका एकटा बसून सुक्या बोंबलासारखा होत चाललाय, असं त्याचं म्हणणं. ॲपमध्ये आसपासची माणसं दिसत, नावाखाली ती किती अंतरावर आहेत त्याचा आकडा दिसे, आणि मनात आलं तर बोलता येई. मितेशने एका लग्नाच्या हळदीतला काळा चष्मा घातलेला काकाचा फोटो लावला आणि अठ्ठेचाळिसाचं वय अडतीस केलं. एकनाथने हरकत घेतली नाही.

तिथे त्याला हिमानी दिसली. चाळीसगावकडची मुलगी, तिशीची, बोईसरच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत. स्वतःबद्दल तिने लिहिलं होतं की इथली मासळी ओळखायला शिकतेय. आता हे वाचून तांडेल गप्प कसा बसणार? ताजी मासळी कशी ओळखायची, गालफड उचलून आतला कल्ला लाल आहे का ते कसं बघायचं, हे त्याने सविस्तर लिहून पाठवलं. तिने आभार मानले, हसरा चेहरा पाठवला. पुढच्या आठवड्यात तिचे आणखी तीन निरोप आले. चारच निरोप, पण एकनाथला पाठ झाले.

त्यांच्या पाड्यात रस्त्याने जाणाऱ्या बाईला कुठे चाललीस, जेवलीस का, असं विचारायची रीत आहे. उत्तराची कुणी वाट बघत नाही. बाई मान हलवते आणि पुढे जाते. एकनाथ तेच फोनवर विचारू लागला. सकाळी निघालीस का, दुपारी जेवलीस का. मग आकड्याकडे बघून, आज कंपनीत नाय गेली वाटतं, कालचाच आकडा दिसतो. रस्त्यावर विचारणारा माणूस ओट्यावर बसलेला दिसतो आणि बाई पुढे निघून जाऊ शकते. इथे तिने जायचं कुठे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. ती जिथे जाईल तिथे आकडा जात होता.

हिमानी उत्तर देईनाशी झाली. पाड्यात कुणी दोन दिवस दिसलं नाही तर शेजारी दार वाजवतात. आजारी असेल, एकनाथने ठरवलं. पत्ता नव्हता. पण पत्ता कशाला हवा? बोईसरच्या बाजारात मासळी उतरवताना आकडा साडेतीन किलोमीटर दाखवत होता. पामच्या फाट्यावर सहाशे मीटर. तळ्याकडे वळलं की वाढला, पाण्याच्या टाकीकडे गेलं की उतरला. तिसऱ्या दिवशी तो टाकीपाशी उभा राहिला, तेव्हा आकडा ऐंशी मीटर होता. हिमानीच्या फोटोत मागे हिरवे गज आणि शेवग्याचं झाड होतं. शेवगा समोर दिसला. हंसाबाईंचं घर. जमनाचं ठरलेलं गिऱ्हाईक. बुडालेलं जाळं सापडल्यावर झाला होता तेवढाच आनंद त्याला झाला.

रविवारी दुपारी तो गेला. हातात दोन पापलेटं, अंगात नवा शर्ट.

हंसाबाईंनी जमनाचा नवरा म्हणून कौतुकाने ओटीवर घेतलं. हिमानीची ओळख आहे, फोनवर झाली, असं त्याने सांगितलं. हंसाबाईंनी लगेच तिला भाड्याने दिलेल्या मागच्या खोलीचं दार वाजवलं. तांडेल आलेत, माणूस चांगला हाय, उघड, असं तीनदा सांगितलं. दार उघडलं नाही. आतून वरची कडी सरकल्याचा आवाज आला. मग खालची. त्या दोन कड्या एकनाथने ऐकल्या. पापलेटांची पिशवी कोयंड्याला अडकवून तो परत फिरला.

फाट्यावर पोचेपर्यंत फोन वाजला. "तुम्ही माझं घर कसं शोधलं? मी पत्ता दिला नव्हता. मी इथे एकटी राहते. पुन्हा येऊ नका." त्यानंतर ती त्याच्या ॲपमधून नाहीशीच झाली.

मितेशला यात काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या नावाने नवं खातं काढू, तिथून लिही, म्हणाला. काढलंही. एकनाथने मजकूर सांगितला, घाबरू नकोस, मी चांगला माणूस हाय. मितेशने तो टाइप करून दाखवला. एकनाथने ते वाचलं. अनोळखी नावाने, त्याच माणसाकडून, घाबरू नकोस. तो म्हणाला, पुस ते. आणि ॲपही काढून टाक.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण गुरुवारी बोईसरच्या बाजारात हंसाबाई भेटल्या. आजूबाजूला मासळीवाल्या बसलेल्या, निम्म्या जमनाच्या मैत्रिणी. हंसाबाई त्याच्याजवळ येऊन म्हणाल्या, "तांडेल, तुमी मनाला लावून घेऊ नका. त्या पोरीला मी महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. फोनवरून पुरुषांना घर दाखवणारी पोरगी आमाला नको."

मासळीवाल्यांनी माना डोलावल्या. एकीने बिचारा तांडेल म्हटलं. सगळं त्याच्या बाजूने होतं. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. या बाजारात जमनाने मिळवलेलं आणि तिच्यामागे त्याने जपलेलं नाव तसंच शाबूत राहिलं असतं, आणि चाळीसगावची एक मुलगी सामान बांधून गेली असती.

एकनाथने हातातली टोपली खाली ठेवली.

"तिनं घर दाखवलं नाय, हंसाबाय. मी शोधलं. तीन दिवस तिच्या मागं व्हतो. ती बोलायची बंद झाली तरी मी थांबलो नाय."

हंसाबाईंना ते पटेना. आजारी असेल म्हणून काळजीने गेलात ना, त्यात काय एवढं, त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला सुटायला वाट करून दिली होती.

"तसं मी माझ्या मनालाबी सांगत व्हतो," एकनाथ म्हणाला. "पण आजाऱ्याला बघायला कोण नवा शर्ट घालून जातो? चूक माझी हाय. तिला खोलीतून काढू नका."

जमनाची जुनी मैत्रीण भागी समोरच होती. तिने त्याच्यावरची नजर काढून कोयता उचलला आणि पुढ्यातला घोळ मासा कापायला घेतला. ती त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस नाही.

हंसाबाईंनी खोली सोडायचा निरोप मागे घेतला. हिमानीला त्यांनी बाजारातली हकीकत सांगितली, असं म्हणतात. तिने ती ऐकून घेतली, स्वतःच्या खर्चाने दाराला नवं कुलूप बसवलं, आणि पाच आठवड्यांनी पालघरला कोळगावच्या बाजूला राहायला गेली. हंसाबाईंनी जा म्हटलं नव्हतं. ज्या दाराची खूण एका परक्या माणसाला पाठ आहे, त्या दारामागे तिला झोप लागली नसावी. चांगली भाडेकरू गेली म्हणून हंसाबाई आता खरंच एकनाथवर रागावल्या. तो राग त्याने खाली मान घालून घेतला.

पाड्यात त्याचं नाव मीटरवाला तांडेल पडलं. कुणी नवा माणूस त्याचं कारण विचारतो, तेव्हा एकनाथ विषय बदलत नाही. जे झालं ते सांगतो, शर्टासकट. मासळीचा टेम्पो बोईसरला नेताना तो पामचा फाटा टाळून लांबच्या रस्त्याने जातो. हिमानी आता तिथे राहत नाही, हे त्याला माहीत आहे.

परवा बोट किनाऱ्याला लागल्यावर मितेश फोन घेऊन आला. त्याच्या कंपनीत नवी मुलगी लागलीय, तिच्या नावाखाली नऊशे मीटर दिसतात. काका, ते आकड्यावरून घर कसं काढायचं ते जरा शिकव ना, असं तो हसत म्हणाला.

आजवर जे कुणी विचारायला आलं त्याला एकनाथने वाळूत रेघा काढून खुणा शिकवल्या आहेत. त्याने मितेशच्या हातातला फोन उलटा करून बोटीच्या काठावर ठेवला.

"जाळ्याची खूण इचार," तो म्हणाला, "ती सांगतो."

आणि तो दोर गुंडाळायला लागला.