आईचा दाखला आणि खालचा रोल

आमच्या दुकानातल्या लॅमिनेशन मशीनवर एक पाटी चिकटवलेली आहे. अक्षर बाबांचं, लाल स्केचपेनचं. 'खालचा रोल पाहिला का? काही अडकल्यास पहिले बटन, मग पळणे.' आमचं निम्मं गिऱ्हाईक हिंदी बोलणारं. ते 'पळणे' म्हणजे काय विचारतं, मी 'भागना' असं सांगतो, आणि ते आधी हसतं, मग जरा मागे सरकून उभं राहतं. पळण्यासारखं त्या मशीनमध्ये खरं तर काहीच नाही. टेबलावर मावणारी आहे. वर एक प्लास्टिकचा रोल, खाली एक, मध्ये गरम होणारे रबरी रूळ. कागद इकडून घाला, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढून तिकडून निघतो. अशा मशीनपासून पळून जाणारी तीन मोठी माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक मी होतो.

दुकान म्हणजे वैशाली नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली. झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरून देणे. माझ्या आयुष्यात मी जे जे करायला निघालो त्यातलं हेच टिकलं, कारण यात मला घराबाहेर जावं लागत नाही. बाबा भंडाऱ्याकडून इथे आले ते इथल्या पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. रोलच्या मधून काहीही जात असलं की त्यांना ते आपलंच खातं वाटतं. पापड लाटणंसुद्धा ते उभं राहून तपासतात. तेव्हा दुकानात मशीन आली त्या दिवसापासून त्यांचं स्टूल तिच्या बाजूला लागलं. बाजूला म्हणजे अगदी बाजूलाच.

"रोल लोखंडाचा असो का रबराचा," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "माल निंगते त्या बाजूले उभं राहाचं नाई."

मिलमध्ये लालभडक सळई रोलमधून धावत येते. तिचं तोंड कुठे अडलं तर मागची सळई थांबत नाही, ती वेटोळी घेत हवेत उसळते. त्याला मिलवाले कोबल म्हणतात. कोबल झाला की ओरडायचं, हाताशी जो असेल त्याला धरायचं आणि पळायचं. मिल बंद करायचं बटन वरच्या केबिनमधला माणूस दाबतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमच्या दुकानाला केबिन नाही.

आता माझी हुशारी. मशीन विकणाऱ्यानं बजावलं होतं, वरचा आणि खालचा रोल सोबतच लावायचे आणि सोबतच बदलायचे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी संपतात. मला वाटलं, हा प्लास्टिक जास्त खपवायचा डाव आहे. वरचा संपला तेव्हा मी तेवढाच नवा लावला, आणि खाली जुनं उरलंसुरलं तसंच चालू दिलं.

याच दिवसांत माझ्या मुलीची डिग्री फ्रेम होऊन हॉलमध्ये लागली. आई आठ दिवस जाता-येता ती बघत होती. नवव्या दिवशी तिनं पेटीतून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तिचा चौथी पासचा दाखला.

"माह्याबी लावा," ती म्हणाली.

तिच्या गावच्या शाळेची जुनी रजिस्टरं वाळवीनं कधीच खाल्ली, त्यामुळे दुसरी प्रत निघायचा प्रश्न नव्हता. आणि आईचं माहेरचं नाव असलेला तेवढा एकच कागद जगात उरलेला. लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नाव बदललं गेलं, पुढचे सगळे कागद त्या नव्या नावाचे. नुसती फ्रेम केली तर इथली बारीक काळी धूळ काचेच्या आतही शिरते. म्हणून आधी लॅमिनेशन, मग फ्रेम, असं मीच ठरवलं. झेरॉक्सच्या दुकानात बसून मी त्या कागदाची झेरॉक्स काढली नाही, हे माझी बायको अजून पाहुण्यांना सांगते.

सकाळचे अकरा वाजले होते. आई आत लाखोळीची भाजी निवडत होती. बाबा स्टुलावर. बाकावर हथखोजच्या एका कारखान्यातले मुनशीजी गेटपासचा गठ्ठा घेऊन बसलेले. मी म्हटलं, पहिले घरचं काम. दाखला मशीनच्या तोंडाशी ठेवला, तो आत शिरला, अर्धा गेला. दुसऱ्या बाजूनं मात्र काही येईना. मी वाकून पाहिलं तर खालच्या रोलची रिकामी नळी गरगरत होती आणि दाखला वरच्या प्लास्टिकला चिकटून, खालच्या रबरी रुळाला गुंडाळत चालला होता.

"कोबल!"

एवढंच ऐकू आलं. पुढच्या क्षणी माझी कॉलर बाबांच्या मुठीत होती. दुसऱ्या हातात मुनशीजींचं कोपर. बावन्न वर्षांचा मी बकरीसारखा ओढला जाऊन रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या स्कूटरला टेकून उभा. आत मशीन आपली घूं घूं करत फिरते आहे.

"क्या हुआ?" मुनशीजी म्हणाले. "फटेगा क्या?"

"कोबल हो गया," बाबा म्हणाले. ते धापा टाकत होते, पण कॉलर सोडली नव्हती.

"बाबा, बटन," मी म्हणालो.

"बटन केबिनवाला दाबते."

"केबिनवाला मीच आहो ना बाप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आम्ही परत धावलो तोवर दाखल्यावर प्लास्टिकचे आणखी तीन वेढे बसले होते. बटन बंद केल्यावर मी घाईनं कटर उचलला.

"ठेव खाली," बाबा म्हणाले. "रबरावर चीर पडली तं हर कागदावर तिची रेघ उमटन. अन् खाली कागद कुठं आहे ते तुले दिसते का?"

आतून आवाज आला, "झालं का रे?"

"होऊन राहिलं आई. मशीन गरम होऊन राहिली."

"खोटं कावून बोलतं?" बाबा हळूच म्हणाले. "गरमच आहे."

मग त्यांनी मला एकेक करून सांगितलं आणि मी केलं, कारण त्यांचे हात अलीकडे कापतात. दाब देणारा दांडा उचलला, तसे रूळ सुटे झाले. वरून येणारं प्लास्टिक कात्रीनं कापून तोडलं. मशीन पुन्हा लावली ती उलटी फिरवण्यासाठी, ती पण बोटभरच.

"जरासं. थांब. आता जरासं."

"पोळून राहिलं बाबा. थंडं होऊ देऊ?"

"थंडं झालं तं गोंद धरते. कोमट असतानाच निंगते. काढ."

कांद्याच्या पापुद्र्यासारखा एकेक वेढा निघत गेला. मुनशीजींनी गेटपासचं नावसुद्धा काढलं नाही, मोबाईलचा टॉर्च धरून उभे राहिले. तिसरा वेढा सुटला आणि खाली पिवळा कागद दिसला, त्यावर निळ्या शाईतली एक ओळ. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ती ओळ वाचली. हजेरी घ्यावी तशी, मोठ्यानं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. बदललेलं नावसुद्धा बाबा क्वचितच घेत. त्यांचं 'ऐकलं का' वर भागायचं.

आई भाजीचं ताट घेऊन दारात उभी होती.

"कोणाले हाका मारून राहिले?"

"कोणाले नाई," बाबा म्हणाले. "वाचून राहिलो."

ती पुढे आली. रुळाकडे पाहिलं, जमिनीवरच्या प्लास्टिकच्या चिंध्यांकडे पाहिलं. मी म्हणालो, "आई, ते खालचा रोल..."

"नाव फाटलं का?"

"नाई."

"मंग काढा."

आणि ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून भाजी निवडायला लागली. दाखला सुटेपर्यंत ताटातली एकही काडी तिनं टाकली नाही, हे मी पाहिलं. नुसतीच हात फिरवत होती.

दाखला सुटला. समोरच्या बाजूला प्लास्टिक, पाठ उघडी, आणि खालच्या कोपऱ्यात एक चुणी पडलेली, बरोबर हेडमास्तरांच्या सहीवर. मी ते घाबरत दाखवलं.

"त्याचं काई नाई," आई म्हणाली. "त्यानं मले पाचवीले बसू देलं नोव्हतं."

आता पाठीवर प्लास्टिक चढवायचं तर कागद पुन्हा त्याच मशीनमध्ये घालणं भाग होतं. या वेळी मी झेरॉक्स काढली. चार काढल्या. दोन्ही रोल नवे लावले. रूळ कोमट असतानाच ओल्या फडक्यानं पुसून गोंद काढला. जाड पुठ्ठा पुढे घालून प्लास्टिक ओढून घेतलं, मग एक कोरा कागद घातला. बाबांनी आणखी दोन कोरे घालायला लावले. तिन्ही सुरळीत निघाले.

"सरळ धर," ते म्हणाले. "तोंड सरळ गेलं तं शेपूट सरळ येते."

मी दाखला सरळ धरला, डावा हात बटनावर ठेवला आणि वर पाहिलं. स्टूल रिकामं होतं. बाबा मशीनच्या पलीकडे, माल निघतो त्या बाजूला, दोन्ही तळवे पुढे करून उभे होते.

"बाबा, तुम्ही तिकडून—"

"तू तुह्या बाजूचं पाह्य."

दाखला आत गेला. मी खालच्या रोलकडे पाहत होतो. मुनशीजी मशीनकडे. आई मशीनकडे पाहतच नव्हती, ती बाबांच्या हातांकडे पाहत होती. ते कापत होते, पण जागचे हलले नाहीत. मग कागदाची कड आली, नाव आलं, चुणी आली, आणि सगळा दाखला त्यांच्या तळव्यांवर उतरला.

त्यांनी तो मला दिला नाही. बाकापाशी गेले.

"गरम आहे," म्हणाले.

आईनं हात पदराला पुसून तो घेतला. बाबा तिच्या शेजारी बसले, चष्मा पुन्हा खाली ओढला आणि वाकून नावाची ओळ परत वाचायला लागले.

"राहू द्या," आई म्हणाली. "मले येते वाचता. चौथी पास आहो."