दुसऱ्याच्या नावाची भांडी

मच्छिंद्र पतंगे या शिंप्याला जुन्या जालन्यात कोणी घर देईना. कारण गावाला तोंडपाठ होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्याने एका कापडवाल्याकडून उधारीवर ताग्यांचा माल आणि दुसरी मशीन घेतली. पुढच्या वर्षी लोकांच्या पोटाला मिळेना, तिथे कपडे कोण शिवणार? कापडवाल्याने दावा लावला, हुकूमनामा झाला, दुसरी मशीन गेली आणि उरलेल्या रकमेचे कोर्टाने हप्ते बांधून दिले. दर महिन्याला कोर्टात पैसे भरायचे. लागोपाठ दोन हप्ते चुकले, की घरातल्या चीजवस्तूंवर जप्ती.

हा ठराव झाल्यावर पहिल्या घरमालकाने घर खाली करायला सांगितलं. "बेलीफ दारात उभा राह्यला की माझी इज्जत जाते," तो म्हणाला. "तुमची तर गेलीच हाय." त्यानंतर एकाने चहा पाजून नाही म्हटलं, बाकीच्यांनी चहा न पाजता. नवरा-बायको दुकानातच राहू लागले. दिवसा ज्या फळीवर कापड बेतायचं, तिच्यावरच रात्री झोपायचं. कौसल्या, त्याची बायको, सकाळी उठून आधी फळीवरचा खडू पुसायची, कारण तो तिच्या पातळाला लागलेला असे.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात तो हप्ता भरून कोर्टाच्या व्हरांड्यात आला, तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीने त्याला हाक मारली. ही बाई त्याने दर तारखेला तिथेच पाहिली होती. जमिनीचा दावा असेल, असं त्याने धरून चाललं होतं.

"टेलर, घर पाहिजे का?"

"पाहिजे. पण मावशी, आधीच सांगतो, माझं कोर्टाचं…"

"माहीत हाय. म्हणून तर इचारलं."

बोलताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. खांद्यांकडे बघत होती. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की मच्छिंद्र स्वतः असाच बघायचा, टेप हातात घेण्याआधी. ती नजर आपल्यावर फिरलेली त्याला पहिल्यांदाच कळली, आणि ती कुठेतरी बोचली. पण घर पाहिजे होतं.

म्हातारीचं नाव द्वारकाबाई मुळे. कादराबाद भागातल्या एका बोळात तिचं घर होतं. पुढच्या दोन खोल्या भाड्याच्या, मागच्या खोलीत ती. भाडं इतकं थोडं, की मच्छिंद्रने पुन्हा विचारून घेतलं. "आधी कोर्टाचं द्यायचं, मंग माझं," ती म्हणाली. अट एकच. घरात सगळं आहे, तेव्हा स्वतःचं काही आणायचं नाही. स्वतःचं नाव असलेलं भांडं तर बिलकुल नाही.

आत खरोखरच सगळं होतं. खाट, गादी, पेटी, आणि फळीवर ओळीने मांडलेली पितळेची भांडी. प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, बद्रीनाथ मुळे. नावं समोर येतील अशी ती मांडली होती. ओळीत एका ठिकाणी लोट्याएवढी जागा मोकळी होती.

"बद्रीनाथ कोण?" कौसल्याने विचारलं.

"माझं पोरगं. भायेर गेलंय."

मच्छिंद्रला ती अट उलट सोयीची वाटली. वकिलाने त्याला समजावून सांगितलं होतं, की शिंप्याची मशीन हे त्याचं हत्यार, ते जप्तीतून सुटतं. रोजच्या स्वयंपाकाची भांडीही सुटतात. घंगाळ, हंडे, घड्याळ असलं मात्र उचलतात. दुसऱ्याच्या नावाच्या घरात बेलीफ उचलणार काय? त्याने लग्नातलं तांब्याचं घंगाळ वाटूरला मेहुण्याकडे, कचरूकडे ठेवायला दिलं. त्यावर त्याचं स्वतःचं नाव होतं.

कौसल्या संशयी नव्हती, पण तिचं लक्ष असायचं. घासून पुसून ती भांडी कशीही ठेवायची, एकाचं नाव भिंतीकडे, एकाचं समोर. दुपारी बघितलं तर सगळी नावं समोर. म्हातारी करत असेल, असं तिने मनाशी धरलं. मग एका तारखेला द्वारकाबाई सकाळीच कोर्टात गेली. कौसल्याने मुद्दाम सगळी भांडी पाठमोरी ठेवली, दाराला कडी घातली आणि उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली. तांदूळ संपले तशी ती आत गेली. फळीवरून बद्रीनाथ मुळे, बद्रीनाथ मुळे, बद्रीनाथ मुळे तिच्याकडे बघत होता.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गोल बूड हाय, फिरत असतील." शिंप्याला तांब्या-पितळेतलं काय कळतं, असं म्हणून ती गप्प बसली. तिला तेव्हा तिसरा महिना लागला होता, आणि दुकानातल्या फळीवर झोपायला परत जायची तिची इच्छा नव्हती.

शेजारच्या सोनूबाईने नळावर तिला उरलेलं सांगितलं. बद्रीनाथचंही कोर्टाचं देणं होतं. जप्ती आली तेव्हा भांडी एकेक करून बोळात मांडली, बेलीफ नाव वाचायचा आणि कारकून लिहून घ्यायचा. अख्ख्या आळीने ते ऐकलं. दुसऱ्या सकाळी बद्रीनाथ लोटा घेऊन गेला तो आलाच नाही. विहिरी पाह्यल्या, नदी पाह्यली, स्टेशनावर माणसं पाठवली. द्वारकाबाईने दागिने मोडून लिलावातली भांडी सगळी परत घेतली. लोटा तेवढा राहिला.

"अन् मंग कोर्टात कशाला जाते बाई?"

"तिथं पुकारा होतो न्हाई का, नाव घेऊन? तिचं म्हणणं, देणं फिटल्याबिगर माणूस जातो कुठं? कधी ना कधी तारखेला येईलच." सोनूबाईने हंडा उचलला. "तुमच्या आधी दोघं राहून गेले. दोघं बी कोर्टाचेच. दोघं बी सांगून न्हाई गेले."

पावसाळ्यात शिलाई बसली आणि हप्ते चुकले, एकामागून एक दोन्ही. घरात ओल आली. मच्छिंद्रचे दोन्ही सदरे वाळेनात, तेव्हा द्वारकाबाईने पेटी उघडून हिरव्या रेघांचा एक सदरा त्याच्या हातात दिला. तो अंगाला मोठा झाला. तीरा, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचं माप, दोन बोटं जास्त होतं. त्याने धंद्याच्या सवयीने ते मनात टिपलं आणि सदरा घालून राहिला.

बेलीफ आला तेव्हा तोच सदरा त्याच्या अंगावर होता. तातेराव नावाचा हा बेलीफ नवा होता, अंबडकडून बदलून आलेला, पायात धुळीच्या चपला. ओळख पटवायला कापडवाल्याचा माणूस बरोबर आला नव्हता. बोळात माणसं जमली.

"मच्छिंद्र पतंगे इथंच राहतो ना?"

द्वारकाबाई उंबऱ्यात उभी होती. "कोणी मच्छिंद्र न्हाई इथं. माझ्या पोराचं घर हाय हे. आत या, बघा."

तातेराव आत आला. फळीवरची नावं वाचली, खाटेकडे पाहिलं, मग मच्छिंद्रकडे.

"तुम्ही कोण?"

मच्छिंद्रने तोंड उघडलं. त्याच्याआधी म्हातारी बोलली, "हा बद्री."

आळीतल्या कोणीच नाही म्हटलं नाही. मच्छिंद्रनेही म्हटलं नाही. इसम सदर पत्त्यावर मिळून आला नाही, असा शेरा मारून तातेराव गेला, आणि मच्छिंद्रला त्या रात्री कितीतरी महिन्यांनी सपाटून झोप लागली.

सकाळी कौसल्या चहा ठेवायला उठली. फळीवरची मोकळी जागा मोकळी नव्हती. तिथे लोटा होता. बाहेरून ओला, बुडाला चिकटलेली काळी माती, आणि फळीवरून खाली थेंब थेंब पाणी. नाव समोर. द्वारकाबाई मागच्या खोलीच्या दारात उभी राहून तिकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हतं. वेळेवर आलेल्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती.

"आला ना," ती म्हणाली, आणि लोटा पुसून ठेवला.

म्हातारीनेच कुठूनतरी आणून ठेवला असेल. मच्छिंद्रने तेच म्हटलं, आणि कौसल्याही तेच म्हणाली. पण त्या दिवसापासून आळी त्याला बद्री म्हणू लागली. आधी थट्टेने. पीठगिरणीवाला म्हणाला, "काय बद्रीशेठ, कधी आल्ते?" मग थट्टा गेली आणि नाव राहिलं. दुकानात कोणी मच्छिंद्र म्हणून हाक मारली, तर त्याला पहिल्या हाकेला कळेना. आणि दसऱ्याच्या सुमारास त्याने हिरव्या रेघांचा सदरा घातला, तर तो बरोबर बसला.

त्याने दुकानात येऊन दार लोटलं आणि स्वतःचं माप घ्यायचं ठरवलं. शिंप्याला स्वतःचा तीरा घेता येत नाही. म्हणून त्याने स्वतःचा जुना सदरा फळीवर पसरला, त्यावर हिरवा सदरा ठेवला. हिरवा दोन बोटं मोठाच होता. मग जुना अंगात घालून पाहिला. पाठीत तो उसवला. तिशी उलटलेल्या आणि दोन वर्षं अर्धपोटी राहिलेल्या माणसाचे खांदे रुंद झालेले मच्छिंद्रने कधी पाहिले नव्हते. त्याने उसवलेली शिवण पुन्हा घातली नाही.

दिवाळीनंतर द्वारकाबाईने कौसल्याच्या हातात एक पितळेची वाटी ठेवली. "बाळासाठी. नाव घालणारा आल्ता, घालून घेतलं." आपल्याकडे जन्माआधी लेकराचं नाव घेत नाहीत, म्हणून सुरुवातीची, लेकराच्या नावाची जागा कोरी सोडली होती. तिच्यापुढे ठिपक्यांनी कोरलं होतं, बद्रीनाथ मुळे.

कौसल्याने वाटी उलटी करून चुलीपाशी ठेवली. नवरा जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, "अहो, लेकराच्या बापाचं नाव काय सांगू?"

"म्हणजे?"

"वाटी बघा." त्याने बघितली. "तुम्ही त्या दिशी बोलले न्हाई. आता लेकरू बी तिचंच होईल."

"म्हातारी हाय. मनावर कशाला घ्यायचं? इथून निघून जायचं कुठं? फळीवर?"

"फळीवर," कौसल्या म्हणाली. "पण आधी वाटूरहून घंगाळ आणा."

"जप्तीत जाईल ते. तुझ्या बापाने दिलेलं हाय."

"जाऊ द्या. जाताना नाव तर घेतील."

तो हात धुऊन उठला. मग सकाळच्या मोटारीने वाटूरला गेला. कचरूने घंगाळ पोत्यात बांधून दिलं आणि म्हणाला, "पावणे, उलटी गंगा दिसते. लोक जप्तीच्या भीतीनं भांडी भायेर काढतात, तुम्ही आत घेऊन चालले." मच्छिंद्र त्यावर हसला नाही. परत येताना तो कोर्टापाशी उतरला, आपण त्याच पत्त्यावर राहतो आणि त्या दिवशी घरातच होतो, असं त्याने अर्ज करून सांगितलं. वकिलाने कपाळाला हात लावला.

तातेराव आला तेव्हा घंगाळ उंबऱ्याच्या आत ठेवलेलं होतं. द्वारकाबाई आडवी आली.

"माझ्या पोराचं घर हाय. कोणी मच्छिंद्र न्हाई इथं."

"मी हाय," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की तातेरावने पुन्हा विचारलं. "मी. मच्छिंद्र पतंगे. मागल्या टायमाला मी खोटं बोललो. म्हणजे बोललोच न्हाई."

तातेरावने जप्तीचा कागद बाहेर काढला. रागावला असेल तर दिसू दिलं नाही. दोन पंच बोलावले, घंगाळ बोळात उन्हात आणून ठेवलं, बोटाने धूळ पुसली आणि मोठ्याने वाचलं, "मच्छिंद्र पतंगे." पंचांनी वाकून नाव पाहिलं. कारकुनासारखं सपाट, काही चव नसलेलं ते वाचन. पण कौसल्या ते ऐकून उंबरा ओलांडून बोळात, घंगाळापाशी येऊन उभी राहिली.

आत काहीतरी पडलं. फळीवरची भांडी जागच्या जागी होती. फक्त सगळी पाठमोरी होती, आणि लोट्याची जागा मोकळी.

द्वारकाबाईने फळीकडे पाहिलं. मग मच्छिंद्रकडे असं पाहिलं, जसा कोणी अनोळखी माणूस आत शिरलाय. "तुम्ही कोण?" तिने विचारलं. तिने ते खरंच विचारलं होतं.

त्याच दिवशी ते दुकानात परत गेले. मुलगी फळीवरच झाली. पुढे रेल्वेपुलाकडे त्यांना एक खोली मिळाली; घरमालकाने सगळं विचारून, नाक मुरडून, पण दिली. हप्ते पुन्हा सुरू झाले आणि अठ्ठ्याहत्तर साली फिटले. मच्छिंद्रचे खांदे मात्र तसेच राहिले. जुन्या मापाचा कोणताही सदरा त्याला झाला नाही. स्वतःचे कपडे तो नव्या मापाने बेततो, आणि तीऱ्याचा आकडा खडूने लिहून ठेवायचं टाळतो.

शेवटचा हप्ता भरून तो व्हरांड्यात आला, तेव्हा खांबापाशी द्वारकाबाई बसली होती. तिने त्याला ओळखलं नाही. तिच्याशेजारी तिशीचा एक माणूस उकिडवा बसलेला, अंगात हिरव्या रेघांचा सदरा. खांद्यावर तो अजून ढिला होता, बोटभर.

मच्छिंद्रने त्याला बाजूला बोलावलं आणि जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. माणसाने ऐकून घेतलं. मग सदऱ्याची बाही नीट केली.

"दादा, खरं असंल तुमचं," तो म्हणाला. "पण मला दुसरं कोणी घर देऊन राह्यलं का?"

तो परत म्हातारीशेजारी जाऊन बसला. आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. माणूस उठला नाही. दुसऱ्यांदा झाला, तेव्हा द्वारकाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मच्छिंद्रला दिसलं, की तो आपलं नाव ऐकूनही तिच्याकडे बघतोय.