मुठीतले चिंचोके

“चोर आला, चोर! मूठ मिटून बसलाय बघा,” आक्का ओरडत होती आणि पाटाभोवतीची पोरं माझ्याकडं न बघता खळग्यांकडं बघत होती. लाकडी पाटात कोरलेले चौदा खळगे, डाव मांडताना प्रत्येकात पाच चिंचोके. पाटावर उरलेले मोजायचे आणि मी मूठ उघडायच्या आत सांगायचं, चोरानं नेले किती. “अकरा,” सुमित्रा म्हणाली. अकराच होते.

आक्का माझी मावसबहीण, दिग्गीच्या वाटेवरच्या एका वाडीत शाळेच्या बाई. मी रामनगरचा किराणावाला. शनिवारी शाळेचं तांदूळ-डाळ पोचवायला जायचो, तर तिनं मला गणिताच्या तासाला चोर नेमलं. “थापा मारण्यात तालुक्यात तुझा हात धरणारा कोण न्हाई. पोरांच्या उपेगी तरी पड,” म्हणाली. पगार एक कप कोरा चहा. मीही कसूर केली नाही. चिंचोके टोपीत लपवले, मिशीत लपवले, एकदा तर मूठभर गिळले… असं मी बाजारात सांगतो. पाढे म्हणताना रडणारी सुमित्रा चोर धरायला मात्र सगळ्यांच्या पुढं. चुकली तरी आक्का रागवायची नाही. चिंचोके परत पाटावर, चोर परत चोरीला.

आक्का गेल्याचं सकाळच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. झोपेतच गेली म्हणे. मी साखर तोलत होतो, तोलत राहिलो. बैल शिंकला तरी नंदिगड्ड्यापर्यंत बोंब मारणारा माणूस मी. त्या दिवशी पुडा बांधला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे विचारलं. रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा काळी नदी धरण फोडेल, असं बायकोला सांगून ठेवलंय…

गेल्या शनिवारी तांदूळ घेऊन गेलो. नवीन बाई अजून आलेल्या नाहीत. पोरांचा सैपाक करणाऱ्या म्हाताऱ्या अव्वानं वर्ग उघडून दिला. पाट कोपऱ्यात होता, आक्का ठेवायची तसाच भिंतीला टेकवून. पोरांनी तो मांडला. मी चोरी केली, आंधळ्या म्हशीलाही दिसेल इतकी सावकाश. कोणी ओरडलं नाही. डाव गुमान पुढं सरकला. मला वाटलं, विसरली पोरं. आक्कानं एवढ्या वर्षांत पेरलेलं एवढ्यात वाळून गेलं.

“सुमित्रा, बघितलं न्हाईस काय ग?”

“बघितलं की. नऊ हायत.”

मूठ उघडली. नऊ.

“मग ओरडली का न्हाईस?”

“बाई ओरडायच्या, मामा. आमी मोजायचं.”