चादरीचं पहिलं पाणी

तिला सगळी गल्ली कडकबाई म्हणायची, आणि ते नुसतं तिच्या बोलण्यावरून नव्हे बरं का. बोलणं होतंच तसं, पण नाव पडलं खळीवरून. कोपऱ्यावरच्या तिच्या लाँड्रीत शर्ट टाकला की कॉलर अशी यायची, की मान वळवायची तर आख्ख्या माणसानं वळावं. शाळेतले मास्तर एकदा भीत भीत म्हणाले, जरा मऊ ठेवता आलं तर. ही म्हणाली, मऊ पाहिजे तर उशीचा अभ्रा घाला अंगात.

चर्चच्या वेदीवरची कापडंही हीच धुवायची. तो मान सासूकडून आलेला. त्यातला एक छोटा चौकोनी रुमाल, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी ज्यावर प्रभूची भाकर ठेवतात, तो म्हणजे हिचा जीव की प्राण. त्याला धुवायची एक रीत आहे. आधी तो नुसत्या पाण्यात बुडवायचा, साबण लावायचा नाही, आणि ते पहिलं पाणी मोरीत न सोडता मातीत ओतायचं. कारण धाग्यात भाकरीचा एखादा कण अडकलेला असेल, आणि कण असेल तिथे प्रभू आख्खा असतो. सासूनं दोन्ही सुनांना समोर बसवून हे शिकवलं होतं. कण लहान म्हणून तो लहान होत नाही, त्याला गटारात सोडाल तर याद राखा, असं दरडावून.

कडकबाईनं याद राखली. ते पाणी दारातल्या कुंडीतल्या लिंबाला मिळायचं. लिंबू असा फोफावला होता की शेजारीण विचारायची, काय घालतेस गं याला, मला पण दे. ही सांगायची, आधी पापं कबूल करून ये, मग बघू.

तर अशी देवभीरू बाई. आणि पोटात काय? पोटात थोरली जाऊ.

दोघी तेव्हा एकाच घरात होत्या, लाँड्रीच्या वरच्याच मजल्यावर. एके दिवशी कडकबाईचा नवरा कामावर छातीत कळ येऊन गेला. चार माणसं त्याला उचलून जिना चढून आली, तर थोरली दारात उभी. म्हणाली, बाहेरच्या खोलीला कालच रंग दिलाय, ओला आहे, खाली ठेवा. थोरला दीर परगावी, सासू तोवर गेलेली. बोलणार कोण? मग कडकबाईचा नवरा जिन्याखाली सायकलींच्या शेजारी निजला. वरचे भाडेकरू कामाला जाताना अंग चोरून त्याच्या पायांवरून गेले. एकाची पिशवी त्याला लागली, तर तो भाडेकरू सवयीनं "माफ करा" म्हणाला. त्याला पुरून आल्यावर कडकबाई वर गेली आणि तिनं त्या भिंतीला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं.

त्या दिवसापासून अबोला. ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. मिस्सेत एकमेकांना 'शांती असो' म्हणत हात मिळवायची वेळ आली की हिला नेमकं नाक पुसायचं असायचं. मात्र फादर भाकर वर उचलत, तेव्हा ती टक लावून बघायची आणि दर रविवारी एकच मागायची, थोरलीला खूप आयुष्य दे. एकदा तिनं हे फादरांनाही सांगितलं. फादर गहिवरले. बिचारे भोळे. इतक्यात सुटायला नको हा त्यातला मतलब त्यांना कुठून कळणार?

पुढे थोरली घसरली, कंबरेचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं. असल्या आजाऱ्याच्या चादरी दुसरी लाँड्री घेईना. थोरलीची सून नोकरीवाली, मागचं काही ठाऊक नसलेली. ती गाठोडं घेऊन खाली आली आणि संकोचत म्हणाली, काकू, तुमच्याकडे टाकू का? कडकबाई म्हणाली, टाक की, घरचंच तर आहे.

आणि मग बाईंनी कला दाखवली. जाड खळ शिजवायची, चादर त्यात दोनदा बुचकळायची, आणि इस्त्री करताना मधोमध एक घडी अशी दाबायची की ती बरोबर पाठीच्या कण्याखाली यावी. चादर कसली, पत्राच तो. सून एकदा म्हणाली, काकू, अंगाखाली करकरते हो. हिनं सुनावलं, आजाऱ्याचं कापड कडकच हवं, मऊ कापड ओल धरतं. 'ओल' हा शब्द उच्चारताना तिला फार गोड लागला.

रात्री आडवी झाली की ती छताकडे बघायची. वर खाट कुरकुरली की हिला छान झोप लागायची.

फादर दर शुक्रवारी थोरलीला घरी कम्युनियन, म्हणजे तीच प्रभूची भाकर द्यायला यायचे. अशाच एका शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं आलं. कडकबाईनं चादर अर्धीच उलगडली, तर घडीच्या रेषेवर तांबूस डाग. एकामागे एक, टाके घातल्यासारखे. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. जिन्याखालच्या सायकली आठवल्या आणि आणखी बरं वाटलं. तिनं चादर साबणाच्या टबात दाबली, खसाखसा चोळली, आणि पाणी सोडायला टबाचं बूच धरलं तेवढ्यात बोटांना काहीतरी लागलं.

न बघता कळलं तिला. स्वतःची खळ बोट ओळखणार नाही? चादरीच्या पोटात वेदीवरचा रुमाल होता. फादर थोरलीच्या उशाशी स्टुलावर अंथरायचे तो. त्याच्या एका कोपऱ्याला तोच तांबूस डाग.

हात बुचावरच राहिला. हे पहिलं पाणी होतं. साबणाचं, घाणीचं, म्हातारीच्या रक्ताचं, पण पहिलं.

"तुला दुसरी जागा नव्हती?" ती टबाला म्हणाली. "माझ्या वैरिणीच्याच पाठीखाली जाऊन निजायचं होतं?"

टब काय बोलणार? पण तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली ती निघेना. ती जिला इतक्या निगुतीनं दाबायची, त्या घडीवर त्या रात्री तोही झोपला होता. वेदीवर ती ज्याला डोळे भरून बघायची, तोच. तिला जाम राग आला. थोरलीचा होताच, आता त्याचाही आला. पक्ष बदलला होता त्यानं.

पण पाणी मोरीत सोडायची छाती होईना. साबणानं लिंबू मेला असता, म्हणून ती बादल्या भरभरून रस्त्यापलीकडच्या झाडाशी नेत राहिली. दुकानात गिऱ्हाईकं ताटकळली. मास्तर म्हणाले, मदत करू का? ही म्हणाली, शिवायचं नाही. मग रुमाल धुतला. मग चादर धुतली, रुमालाच्याच रीतीनं, पण बिनखळीची, आणि उन्हात वाळवली. आणि किती वर्षांनी कोण जाणे, जिना चढून वर गेली.

सून बाजारात गेली होती. थोरली भिंतीकडे तोंड करून पडलेली, त्याच भिंतीकडे. कडकबाईनं तिला न बोलता कुशीवर केलं, जुनी चादर काढली, नवी सरकवली. थोरलीनं हातानं चाचपली.

"आज खळ नाही?"

"संपली."

"मला घाबरलीस?"

"तुला नाही. तुझ्याकडे येतो त्याला. तुझ्या चादरीत रुमाल राहिला होता."

"राहिला नव्हता. मी ठेवला."

कडकबाईच्या हातातली उशी हातातच राहिली.

"फादर चहा घ्यायला आत गेले, तेव्हा गुंडाळला," थोरली म्हणाली. "म्हटलं, माझ्या पाठीचं तुला काही वाटायचं नाही. त्याच्या पाठीचं वाटेल."

"त्याच्या मागे लपलीस?"

"मग कुणाच्या लपू? सगळं घर तर तुला घाबरतं."

म्हणजे इतके दिवस म्हातारीला सगळं कळत होतं, आणि सुनेला तिनं चकार शब्द सांगितला नव्हता. कडकबाईला डाव उलटल्यासारखं झालं. तिनं उशी खाली टाकली, भिंतीपाशी गेली, आणि इतकी वर्षं गिळलेलं ते वाक्य बाहेर काढलं.

"भिंत कोरडी होती."

थोरलीनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "होती."

बस, तेवढंच. रडणं नाही, पाया पडणं नाही.

"माफ केलं असं समजू नकोस," कडकबाई म्हणाली.

"नाही समजत. पायाशी सुरकुती आहे, ती ओढ."

कडकबाईनं वेदीवरचं कापड ओढतात तशी चादर चारी कोपऱ्यांनी ताणली, आणि सुरकुती राहिली का ते तळहात फिरवून पाहिलं. फक्त शेवटचा कोपरा जरा जास्तच जोरात ओढला, म्हातारी आख्खी हलली. तेवढं प्रभू चालवून घेईल, असा तिचा अंदाज होता.